समासात लिहिलेलं

तळघरात हीटर खोकतोय.
बाहेर डुलुथमध्ये उणे बावीस,
सरोवर काठापासून मैलभर थिजलेलं,
आणि माझ्यापुढे तीनशे बारा फॉर्म,
निनावी, कोपऱ्यात पिन मारलेले.
तासाला अकरा डॉलर.

आकडे चढवायचे, मत द्यायचं नाही.
डॉक्टर लिंडक्विस्टनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
"मॅरेन, इथे तू फक्त बोटं."

प्रश्न सात.
पुन्हा भेटायचं न ठरवता, एका रात्रीपुरतं,
आजवर किती जणांबरोबर?

मुलगे गोल आकडा लिहितात.
दहा. पंधरा. "वीसेक असतील."
बर्फाला भोक पाडून मासे धरणारा माझा मामा
दोन्ही हात पसरून
निसटलेल्या माशाची लांबी सांगतो, तसं.

मुली लिहितात तीन. खोडतात.
दोन.
तेही गिरवून गिरवून,
कागदाची पाठ निळी होईस्तोवर.
एक फॉर्म मी दिव्यासमोर धरला,
दोनच्या खाली पाच होता.
मशीनला शेवटचा आकडा लागतो.
मी दोन चढवला.

प्रश्न एकोणीस.
नंतर पश्चात्ताप? एक ते सात.
मुलग्यांचे एक, एक, दोन, एक,
हॉकीच्या रटाळ सामन्याच्या गुणफलकासारखे.
मुलींचे पाच. सहा. मधूनच एखादा सात,
पेन रुतवून.
पडद्यावर आपसूक दोन टेकड्या उभ्या राहतात.
लिंडक्विस्ट खूश होतील,
टेकड्या कुठे येणार ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

पण लोक समासातही लिहितात.

एकशे एक्केचाळीस. स्त्री, वय एकोणीस. पश्चात्ताप : सहा.
"त्याचा नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत
त्याच्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या, त्याचा."

दोनशे सात. स्त्री.
"मजा आली. हे कुठल्या रकान्यात लिहू?"

अठ्ठ्याऐंशी. पुरुष, वय वीस. पश्चात्ताप : एक.
आणि कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात,
"ती पहाटे बूट हातात घेऊन गेली.
मी जागा होतो. झोपेचं सोंग घेतलं."

समासाला रकाना नाही.

गेल्या शनिवारी मी टोबिन रास्मुसेनच्या खोलीवर होते.
वाईट नव्हतं काही. हसलोसुद्धा,
त्याच्या उशीखाली अर्धा सँडविच निघाला तेव्हा.
रविवारी इंगानं मला विचारलं,
"मग, आता?"
त्याच्या खोलीतल्या मुलानं त्याला विचारलं म्हणे,
"मग, कशी?"

एकच रात्र.
मला पुढचं विचारतात, त्याला मागचं.
आता मला खरंच पुढचं काही हवं होतं,
की विचारल्यामुळे हवंसं वाटलं,
हे मी अजून शोधतेय.
सोमवारी तो वॉफलच्या यंत्रापाशी उभा होता.
कान लाल. माझ्याकडे बघितलं नाही.
माज असेल, म्हटलं.
वॉफल करपला तरी तो झाकण उघडेना.

शनिवारी मीही बूट हातात नेले होते.
तसे इथे हिवाळ्यात सगळ्याच नेतात,
लाकडी जिने फार बोलतात.
म्हणजे अठ्ठ्याऐंशी कुणीही असू शकतो.
त्याचा "त" डावीकडे कलतो.
टोबिनचा कसा कलतो, मला माहीत नाही.
त्याच्या पाठीवरचे तीळ माहीत आहेत,
अक्षर नाही.

बोट चारवर जाऊन थांबलं होतं.
कुणाला कळलं असतं?
टेकडी केसभर सरकली असती, इतकंच.

एक चढवला.
मी फक्त बोटं.

आठला दिवा मालवला.
वर दारापाशी बूट घातले,
उगाचच
टाचा आपटत.